तीन पाकिटं तिची, तीन माझी

बोंबील दोरीवर एकटा टिकत नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. एक काढला की दुसरा खाली वाळूत. डहाणूजवळच्या आमच्या गावात हे चार वर्षांच्या पोरीलाही येतं. सुरेखाला ते एका रविवारी आलं, आणि आल्याबरोबर तिनं ते आम्हा दोघींना लावून टाकलं. "आपण पण अशाच, कुंदा. गेलो तर दोघी, नाहीतर दोघी इथंच." तेव्हा मी हसले होते. हात खारट होते, नाकावर माशी बसली होती, आणि ती हाकलायला मी सुरेखालाच सांगितलं होतं.

सुरेखा तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरची. वडील थोडी भातशेती करायचे, बाकीचे महिने मजुरी. आश्रमशाळेत शिकली आणि अकरावी सायन्सला डहाणूच्या कॉलेजात आली, ती नेमकी माझ्या बाकावर. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे बघून नाक उडवलं आणि विचारलं, "तुझ्या दप्तरात मासा आहे?" दप्तरात मासा नव्हता, पण आमच्या घरात सगळ्यालाच तो वास होता. वह्यांना, उशीला, बापसाच्या रेडिओला. मी रागानं म्हटलं, "नाही. तुझ्या डोक्यात शेण आहे?" त्यावर ती इतकी हसली की सरांनी दोघींना बाहेर काढलं. मैत्री व्हरांड्यात झाली.

दोघींनाही नर्स व्हायचं होतं. तिचं कारण होतं लुना. त्यांच्या पाड्यावर उपकेंद्राची सिस्टर लुनावरून यायची, आणि ती आली की गावचे म्हातारेसुद्धा खाटेवरून उठून उभे राहायचे. "बाई गाडीवरून येते आणि पुरुष उभे राहतात, असं मी दुसरीकडे कुठं बघितलं नाही," ती म्हणायची. माझं कारण लिहायला आजही लाज वाटते. मला पांढरे कपडे हवे होते, ज्यांना कसलाच वास येत नाही असे. पुढे कळलं की हॉस्पिटलच्या कपड्यांना आमच्या बोंबलापेक्षा वाईट वास येतात. पण तेव्हा कोण सांगणार?

त्या काळी प्रत्येक नर्सिंग स्कूलचा फॉर्म वेगळा. तो मागवायचा, भरायचा, मार्कशीटच्या नकला जोडायच्या, रजिस्टर पोस्टानं पाठवायचा आणि वाट बघायची. जागा मोजक्या, पोरी उदंड. तिच्या पाड्यावर पोस्टमन मनात आलं तर जायचा, म्हणून तिनं आपलाही पत्ता आमच्याच घरचा दिला होता. बारावीनंतर पहिल्या वर्षी आम्ही पाच ठिकाणी अर्ज केले आणि पाचही ठिकाणांहून नकार आले, तेही एकदम नाही, एकेक करून. पहिला आला तेव्हा सुरेखा आमच्या ओटीवर बसून रडली, मी तिला बघून रडले, आणि आत चुलीपाशी बसलेली माझी आय वैतागून म्हणाली, "रडून भूक लागते गो पोरींनो. जेवा आधी." पावसाळा होता, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताजी मासळी बंद. आयनं पत्र्याच्या डब्यातून सुके बोंबील काढले, तुकडे करून तेलात कुरकुरीत तळले, वर तिखट-मीठ भुरभुरवलं आणि गरम तांदळाच्या भाकरीवर घातले. खाता खाता सुरेखाचं नाक वाहत होतं, रडण्यानं की तिखटानं ते तिलाही सांगता आलं नसतं. शेवटचा तुकडा संपल्यावर तिनं जाहीर केलं, "आता दर नकाराला हेच." तेव्हापासून ती रीतच पडली. नकाराचं पत्र खिळ्याला टोचायचं आणि बोंबील तळायचे. आय शेजारणींना सांगायची, "यांना नकार येतो आणि माझा तेलाचा डबा खाली होतो. एकदाच्या घ्या गो त्यांना कोणीतरी!"

आज माझी मुलगी तन्वी मोबाईलवर नर्सिंगचा फॉर्म भरते, यादीही मोबाईलवरच बघते, आणि नाव नसलं की मोबाईल उशीवर आपटते. टोचायला कागद नाही, तळायला कोणाला सवड नाही. नकार तिच्या खिशातच राहतो, हे मला जरा भयंकर वाटतं.

मधल्या वर्षात सुरेखा पाड्यावर बालवाडी चालवायची आणि दर रविवारी एसटीनं आमच्याकडे यायची. पावसाळा सरला, बोंबलाचा हंगाम आला. आम्ही तिघी दोऱ्यांखाली उभ्या राहून जोड्या टाकायचो आणि मुलाखतीची तयारी करायचो. आय मेट्रन व्हायची. पालथ्या पाटीवर बसून, लुगड्याचा काष्टा नीट करत, आवाज जाड काढून विचारायची, "रक्त बघून चक्कर येते का?"

"नाही मॅडम, मी मासे कापते."

"पेशंट मेला तर रडशील का?"

"घरी जाऊन रडेन मॅडम."

"रडणार असशील तर घरी ये, बोंबील आहेत," आय म्हणायची, आणि मेट्रन, उमेदवार सगळे हसून वाळूत. सुरेखा जोडी टाकता टाकता हाडांची नावं पाठ करायची, एका जोडीला एक हाड. दोनशे सहा जोड्या झाल्या की एक माणूस पुरा. आमच्या वाड्यात त्या वर्षी "आज किती माणसं वाळली गो?" असं बायका विचारायच्या. तिची जिद्द अशी होती. तिला कंटाळा येत नव्हता असं नाही, पण ती कंटाळ्याला कामाला लावायची.

माझं मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. आयचा खांदा धरला होता, पाटी उचलवेना, म्हणून हंगामात मी डहाणूच्या बाजारात तिच्या जागेवर बसू लागले. पहिले दोन दिवस मान खाली. तिसऱ्या दिवशी एका गुजराती बाईनं भाव विचारला, "केम आप्या, बेन?" आणि माझ्या तोंडून असं काही गुजराती निघालं की शेजारच्या कोळणी टाळ्या पिटायला लागल्या. मला भाव करता यायचा. गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरून कळायचं की हा घेणार की नुसता पापलेटाचे डोळे बघून जाणार. दुपारी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी येताना मी गुणगुणायचे. जानेवारीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की पांढऱ्या कपड्यांची आठवण मला कित्येक दिवसांत झालेली नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. रविवारी सुरेखा यायची, आणि मी तिच्याबरोबर मांडीचं हाड, नडगीचं हाड म्हणत जोड्या टाकायचे.

जूनमध्ये आम्ही परत फॉर्म भरले. या वेळी तीनच ठिकाणी. तीन पाकिटं तिची, तीन माझी. पत्ते सुरेखानं लिहिले, तिचं अक्षर चांगलं. ती शेवटच्या एसटीनं गेली आणि दुसऱ्या दिवशी सहाही पाकिटं घेऊन मी डहाणूच्या पोस्टात गेले. रांग होती. पुढची माणसं सरकत होती आणि मी हातातली पाकिटं वरखाली करत होते. काउंटरवरच्या माणसानं हात पुढे केला. मी तिची तीन दिली. तो म्हणाला, "ती बाकीची?" मी म्हटलं, "ती नाहीत." माझ्या तोंडून हे असं सहज निघालं, भाव सांगावा तसं.

बाहेर आले तेव्हा, खरं लिहायचं तर, थोडं हलकं वाटत होतं. न पाठवलेल्या फॉर्मला नकार येत नाही, हाही त्यातला हिशेब होताच. येत्या रविवारी सुरेखाला सांगू, असं मी ठरवलं. घरी येऊन ती तीन पाकिटं सुक्या बोंबलाच्या डब्यात, अगदी तळाशी, कागदाखाली सरकवली.

रविवार आला. "टाकलीस ना?" तिनं एसटीतून उतरताच विचारलं. मी म्हटलं, "टाकली." हे पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं.

जुलैमध्ये एका रविवारी ती आलेली असताना मी शनिवारचं टपाल तिच्या हातात दिलं. वाचणाऱ्याला वाटेल की मी तिचं पत्र लपवलं असणार. नाही. पत्र मी जपून, पदरात गुंडाळून ठेवलं होतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या शाळेत तिची निवड झाली होती. आठ दिवसांत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. आम्ही ओटीवर अशा नाचलो की बापूस जाळं विणायचं सोडून बघत राहिला. मग सगळ्यांना प्रश्न पडला, आता तळायचं काय? होकाराला काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आयनं घाईघाईनं शिरा केला आणि साखरेच्या जागी अर्धं मीठ पडलं. तोही आम्ही खाल्ला.

हात धुताना सुरेखा म्हणाली, "आठ दिवस आहेत. तेवढ्यात तुझंही येईल. मग दोघी जाऊ." आय भांडी घासत होती. तिनं वर बघितलं नाही.

ते सात दिवस मी सुकी मासळी घेऊन बाजारात बसले आणि एकही भाव नीट सांगितला नाही. सातव्या दिवशी सकाळी आयला म्हटलं, "सुरेखाकडे जाऊन येते." आयनं काही न विचारता बोंबलाची एक जुडी कागदात बांधून दिली. तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे चिखलातून चालत. वाटभर मी वाक्य जुळवत होते. सुरेखा, माझा फॉर्म गेलाच नाही. सुरेखा, मी तो पाठवला नाही. सुरेखा, तू जा. तिसरं सगळ्यात सोपं होतं, पण आधीच्या दोन वाक्यांशिवाय ते म्हणता येत नव्हतं.

दारातच नवी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यावर सुरेखाचं नाव रंगवलेलं, पुढे 'नर्सिंग' एवढं लिहून जागा संपली होती. सुरेखा शेतावर गेली होती, लावणी चालू होती. तिच्या आईनं मला नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. बाबा समोर उकिडवे बसले. भिजलेली टोपी गुडघ्यावर, बोलणं सावकाश.

"बाय, तुझा कागद आला?"

मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

"आला असेल तर उद्या पहाटे दोघींना मीच मुंबईला सोडतो. नसेल येणार, तर तसं सांग. मग हिला एकटीला नेतो. पोर घाबरते, म्हणते कुंदा नाही तर मी नाही. पण मी नेतो. दोन दिवस रडेल, मग राहील. तू सांग काय ते."

एवढं सोपं त्यांनी करून दिलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, नाही येणार. का, ते त्यांनी विचारलंही नसतं. पण मला दिसली ती सुरेखा, चिखलाच्या पायांनी दारात येणारी आणि ऐकणारी की माझा कागद येणार नाही, आणि मग ती विचारणारच की तुला कसं ठाऊक. त्या एका प्रश्नाला भिऊन मी म्हणाले, "येईल बाबा. उशीर झालाय, पण येईल."

बाबांनी टोपी डोक्यावर घातली. "मग थांबतो," म्हणाले. आणि उठून त्यांनी दारातली ट्रंक उचलून आत नेली.

सुरेखा आली, बोंबील बघून खूश झाली, मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. शाळेला मुदत वाढवून मागणारं पत्र तिनं आधीच पाठवलं होतं. "मिळेल मुदत," ती म्हणाली. "नाही मिळाली तर पुढच्या वर्षी. मार्क कुठं पळून जाणारेत माझे?" जीप हलली तरी ती हात हलवत होती.

मुदत मिळाली नाही. जागा दुसऱ्या कोणा मुलीला गेली. ऑगस्टअखेर मी सुरेखाला सांगितलं की माझे तिन्ही नकार आले, वाऱ्यानं उडाले, म्हणून खिळ्याला नाहीत. ती चुलीपाशी गेली, आयला म्हणाली, "आय, तुम्ही उठा, आज मी तळते." तिनं बोंबील तळले, काटा काढून माझ्या ताटात ठेवले आणि म्हणाली, "खा कुंदा. तुझे नकार माझ्यापेक्षा जड आहेत, मला निदान एकदा हो तरी म्हणाले." ते बोंबील मी खाल्ले. सगळे खाल्ले. आयुष्यात खाल्लेल्या घासांपैकी मला तेवढेच घास अजून मोजता येतात.

श्रावण सरता सरता बोंबलाच्या डब्याचा तळ दिसू लागतो. एका दुपारी आय डब्यात हात घालून उभी राहिली. तिच्या हातात तीन पाकिटं होती. सुरेखाचं सुंदर अक्षर, माझं नाव, तिकिटाची जागा कोरी. आयला वाचता येत नव्हतं, पण कोऱ्या जागेचा अर्थ तिला कळला. तिनं माझ्याकडे बघितलं, पाकिटं परत कागदाखाली ठेवली आणि म्हणाली, "वास लागेल गो त्यांना." पुढे ती वारली तोवर या विषयावर आमचं बोलणं झालं ते एवढंच.

पुढच्या वर्षी मी सुरेखाला सांगितलं की आयचा खांदा फारच धरलाय, मी आता फॉर्म भरत नाही. निदान हे खरं होतं. समुद्राकडे बघत तिनं विचारलं, "एकटा बोंबील कसा वाळवतात?" मी म्हटलं, "दोरीवर आडवा टाकायचा. वारा नसेल तर राहतो." तिनं एकटीनं अर्ज केले. मुंबईवाल्यांनी या खेपेला घेतलं नाही, तिला जागा मिळाली ती थेट सोलापूरला. भाषा तीच, पण आमटी गोड नाही, समुद्र नाही, झाड नाही, अशी पत्रं यायची. मी बोंबलाची पार्सलं पाठवायचे. हॉस्टेलच्या पोरींनी नाक धरून ती संपवली म्हणे.

सुरेखा नर्स झाली, इन्चार्ज सिस्टर झाली, आता आपल्याच भागात असते, तलासरीजवळ घर आहे. लुना काही मिळाली नाही, स्कूटर आहे, आणि म्हातारे अजून उठून उभे राहतात. मी बाजारातच राहिले. माझी सुकी मासळी महालक्ष्मीच्या जत्रेत, विवळवेढ्याला, पहिल्या दोन दिवसांत संपते. या धंद्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला माझ्याकडे दुसरं पुरेसं होतं.

तन्वीचं नाव यंदा पहिल्या यादीत आलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिनं मोबाईल आपटला आणि दार लावून घेतलं. मी सुरेखाला फोन केला, ती ड्युटी संपवून स्कूटरवर तशीच आली. दाराबाहेर बसून तिनं तन्वीला आमची गोष्ट सांगितली. नकाराचे बोंबील, आय मेट्रन, सगळं. दार उघडलं, पोरगी हसायला लागली. मग सुरेखा म्हणाली, "आणि ऐक. मला मुंबईची सीट मिळाली होती. तुझ्या आईसाठी सोडली. तिचे तीन नकार आले तरी या बाईनं हूं की चूं केलं नाही. जिद्द म्हणजे ती. तू काय एका यादीनं रडतेस?"

तन्वी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी चहा करायला आत गेले.

सुरेखा गेल्यावर तन्वीनं सहज विचारलं, "आई, तुला किती मार्क कमी पडले होते गं?" एवढी वर्षं हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी माळ्यावरून जुना डबा काढला आणि तळाचा कागद उचलला. तिनं पाकिटं उलटीसुलटी करून बघितली.

"म्हणजे तू फॉर्म भरलाच नाहीस?"

"भरला. पाठवला नाही."

"मावशीला माहीत आहे?"

"नाही."

ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती पाकिटाचा वास घेत म्हणाली, "फोटो काढून पाठवू तिला?" मी म्हटलं, नको. जिथून राहिली तिथूनच जाऊ देत.

तर ही पानं लिहून झाल्यावर मी त्यांची नक्कल काढली, तिच्यासोबत ती तीन पाकिटं सुरेखाच्या नावाच्या मोठ्या पाकिटात घातली आणि डहाणूच्या पोस्टात गेले. रांग होती. काउंटरवरच्या मुलीनं पाकीट हातात घेतलं आणि नाक मुरडलं. मी म्हटलं, "रजिस्टर करायचंय." ती म्हणाली, "रजिस्टर बंद झालं, मावशी. आता स्पीड पोस्ट."

"कर मग स्पीड," मी म्हटलं, आणि मला तिथंच हसू फुटलं.

त्याला आज सहा दिवस झाले. पाकीट पोचल्याचं तन्वीनं मोबाईलवर दाखवलं. सुरेखाचा फोन नाही. एरवी ती दिवसाआड करते. तन्वी म्हणते, तूच कर. मी करत नाही. त्या वर्षी दोन महिने मी पत्राची वाट बघायचं सोंग केलं होतं, आणि मला वाटायचं की ते चांगलं वठलं. आता कळतं, वाट बघणं तसं दिसतच नाही. दुपारी स्कूटरचा आवाज आला की हातातला बोंबील तसाच राहतो.

डबा भरलेला आहे, तेल आणून ठेवलंय. नकार आला तर काय करायचं ते मला पाठ आहे. होकार आला तर काय करतात, ते आमचं अजून ठरलेलं नाही.